तंबोऱ्याची जवारी आणि गिटारीचा पिकअप

तरुण मुलांच्या हातांत विजेची गिटार दिसणें ही आतां मध्यम स्थितीच्या घरांतही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. पूर्वीं ज्या कोनाड्यांत बाजाची पेटी असे, तेथेंच आतां ही गिटार व तिचा ध्वनिवर्धक येऊन बसले आहेत. पेटीचा भाता फाटला तर काय करावें, हें घरांतील वडील मंडळींस ठाऊक असे. परंतु गिटारीसाठीं मुलगा कांहीं मागूं लागला, कीं ती मागणी गरजेची कीं नुसत्या हौसेची, हें सांगूं शकणारें माणूस घरांत बहुधा कोणी नसतें. या मागण्यांपैकीं वारंवार ऐकूं येणारी एक मागणी म्हणजे पिकअप बदलण्याची. तिच्यांत पैसाही बराच गुंततो आणि निराशाही पुष्कळदां पदरीं येते. म्हणून तिचा थोडा विस्तारानें विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आमच्या घरीं हा प्रश्न दोन वर्षांपूर्वीं उपस्थित झाला. थोरल्या बंधूंचा मुलगा तेव्हां महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्गांत होता. शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून त्यानें एक साधी गिटार घेतली होती. वर्ष संपतें न संपतें तोंच त्याची तक्रार सुरू झाली, कीं घोडीजवळच्या पिकअपचा आवाज पातळ येतो, आणि शिवाय मागें एकसारखें ‘घूं घूं’ चाललेलें असतें. नव्या पिकअपची किंमत गिटारीच्या किंमतीच्या जवळजवळ निम्मी होती. दादा म्हणाले, “हे सारे चोचले आहेत.” वहिनी म्हणाल्या, “स्वतःच्या कमाईचे पैसे आहेत, करूं द्या.” मीं जन्मभर विजेच्या यंत्रांचें काम केलेलें, तेव्हां अखेरीस प्रकरण माझ्याकडे आलें, आणि मीं फारशी चौकशी न करतां पुतण्याच्या बाजूनें कौल दिला. त्या कौलाचा पश्चात्ताप मला पुढें झाला. तो कां झाला, हें समजण्यास प्रथम पिकअप म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे.

तंबोऱ्याच्या तारेचा नाद भोपळ्याच्या पोकळींत घुमून मोठा होतो. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. तेथें घुमण्यास जागा नाहीं. तिच्या तारांखालीं ज्या आडव्या, लांबट डब्या बसविलेल्या दिसतात, तेच पिकअप होत. प्रत्येक डबींत लोहचुंबक असतो, व त्याच्या भोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. ही तार जाडीला मिलिमीटरच्या सुमारें सोळाव्या भागाइतकी, म्हणजे जवळजवळ केंसाएवढी असते. गिटारीची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यानें स्वतःच चुंबकित होते. ती कांपूं लागली कीं वेढ्यांतून जाणारा चुंबकीय प्रभाव कमीजास्त होतो, आणि तारेच्या कंपनाबरहुकूम वेढ्यांत अल्पसा विजेचा दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यानें 1831 सालीं जें तत्त्व शोधून काढलें, तेंच हें. पुढें ध्वनिवर्धक तो दाब वाढवून कर्ण्यास पुरवितो. पिकअपला हवेंतला आवाज समजत नाहीं, पोलादाची हालचाल तेवढी समजते. म्हणूनच नायलॉनच्या तारांपुढें तो मुका राहतो.

ही युक्ति प्रथम फलद्रूप झाली ती अमेरिकेंत, लॉस एंजलिस शहरीं. जॉर्ज बोशां व अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं 1931-32 च्या सुमारास नालाच्या आकाराचे चुंबक वापरून जी गिटार तयार केली, तिचें अंग अ‍ॅल्युमिनियमचें व आकार तव्यासारखा असल्यामुळें लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणूं लागले. बोशां यांस तिचें पेटंट 1937 सालीं मिळालें. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूची कांडी सरकवीत वाजविण्याची, म्हणजे हवाईयन पद्धतीची होती. त्याच पद्धतीची गिटार पुढें आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतांत रुळली. हजारासिंग व व्हॅन शिप्ले यांनीं वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या असतील, त्यांच्या कानांस पिकअपचा आवाज नवा नाहीं. त्याचें नांव तेवढें त्यांना ठाऊक नसेल.

सांप्रत प्रचारांत असलेले पिकअप मुख्यतः दोन जातींचे आहेत. पहिली जात एका वेढ्याची. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन या गांवीं रेडिओदुरुस्तीचें दुकान चालविणारे लिओ फेंडर यांनीं 1954 सालीं ‘स्ट्रॅटोकास्टर’ नांवाची गिटार काढली. तिच्यांत या जातीचे तीन पिकअप होते. त्यांचा आवाज स्वच्छ, टणत्कारयुक्त व खुला असतो. परंतु त्यांच्यांत एक उपजत दोष आहे. घरांतील विजेचा प्रवाह आपल्याकडे सेकंदास 50 आवर्तनें करतो, व त्याचा प्रभाव सभोंवार पसरलेला असतो. वेढा तारेचें कंपन जसें टिपतो, तसा हा प्रभावही टिपतो, आणि मग कर्ण्यांतून ‘घूं घूं’ ऐकूं येतें.

या दोषावर उपाय शोधला तो मिशिगन प्रांतांतील कॅलामाझू येथील गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या तंत्रज्ञानें. त्यानें 1955 सालीं पेटंटासाठीं अर्ज केला, 1957 सालीं हे पिकअप गिटारींवर बसूं लागले व 1959 सालीं पेटंट मिळालें. त्याची कल्पना बीजगणित जाणणाऱ्यास चटकन समजेल. त्यानें दोन वेढे शेजारीं शेजारीं ठेवले, व दुसऱ्याची जोडणी पहिल्याच्या उलट केली. त्यामुळें बाहेरून येणारी घूं घूं एकींत धन व दुसऱ्यांत ऋण होऊन परस्परांस मारते. पण मग तारेचा नादही मरावयास हवा. तो मरूं नये म्हणून त्यानें दुसऱ्या वेढ्याचें चुंबकही उलट बसविलें; ऋणास ऋणानें गुणिलें कीं धन येतें, त्याप्रमाणें तारेचा नाद दोन्ही वेढ्यांत एकाच दिशेचा राहून त्याची बेरीज होते. या जातीस ‘हंबकर’ म्हणतात. त्याचा आवाज भरदार व मऊ असतो. एका वेढ्याचा उघडा टणत्कार मात्र त्यांत थोडा बुजतो. एकाच गिटारींत पिकअप निरनिराळ्या ठिकाणीं कां असतात, तेंही येथेंच सांगून टाकतों. सतारीवर घोडीजवळ आघात केला तर आवाज तीक्ष्ण येतो व पुढें सरकून केला तर गोल येतो, हें आपण जाणतोंच. गिटारींत घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण बोलतो व दांडीजवळचा गोल बोलतो. घोडीजवळ तारेचा झोका लहान असल्यामुळें तेथील पिकअप जरा बळकट घेण्याची वहिवाट आहे.

आतां आमची चूक सांगतों. पुतण्याच्या डोक्यांत एक आंकडा भरला होता. विक्रेते पिकअपची ओळख करून देतांना त्याचा रोध इतके हजार ओहम् असें सांगतात. साध्या एका वेढ्याच्या पिकअपचा रोध सुमारें 6 हजार ओहम्, जुन्या धाटणीच्या हंबकरचा सुमारें 8 हजार, आणि जोरकस म्हणून विकल्या जाणाऱ्यांचा 14 ते 16 हजार असतो. आमच्या चिरंजिवांनीं हिशेब केला कीं सोळा हा आंकडा सहाच्या अडीचपटीहून मोठा, तेव्हां आवाजही तितकाच चांगला! एका वेढ्याच्या जागेंत बसणारा, सोळा हजार ओहमांचा हंबकर त्यानें आणला, व मीं तो बसवून दिला.

वास्तविक रोधाच्या आंकड्यावरून आवाजाची प्रत कळत नाहीं. तार अधिक बारीक घेतली तर तितक्याच वेढ्यांत रोध वाढतो. जोर वाढतोच असें नाहीं. वेढे वाढविले तर जोर खरोखरच वाढतो, पण त्याबरोबर वेढ्याचें विद्युत्-जडत्वही वाढतें, आणि उंच स्वरांचा जो वरचा उजाळा असतो तो झांकला जातो. शिवाय जोर फार झाला कीं ध्वनिवर्धक लवकर भरून जातो, व हलका आघात आणि जोराचा आघात यांतला भेद नाहींसा होतो. ज्यांस सतत गर्जणारें संगीत वाजवावयाचें आहे त्यांस हेंच हवें असतें. आमच्या मुलास मात्र मंद, बोटांनीं छेडण्याचें वादन प्रिय होतें, आणि हें त्याला किंवा मला खरेदीपूर्वीं एकमेकांस विचारावेंसें वाटलें नाहीं!

महाविद्यालयाच्या संमेलनांत त्यानें त्या गिटारीवर वाजविलें. आवाज मोठा होता, परंतु सहा तारा एकदम छेडल्या कीं स्वर एकमेकांत कालवले जात. शिवाय दोन पिकअप एकत्र जोडण्याच्या कळीवर आवाज अगदीं पोकळ, नाकांतून आल्यासारखा येत होता. कारण मीं नव्या पिकअपच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या. मुलगा घरीं आला, गिटार पलंगाखालीं सारली आणि तीन आठवडे तिला शिवला नाहीं. सहा महिन्यांच्या शिकवण्यांचे पैसे गेले याहीपेक्षां, आपल्याला वाजवितांच येत नाहीं अशी त्याची समजूत झाली, हें अधिक वाईट होतें.

यावेळीं मार्ग दाखविला तो आमच्या मातुःश्रींनीं. त्यांनीं तरुणपणीं गाण्याचें शिक्षण घेतलें आहे, आणि मिरजेच्या कारागिराकडून आणलेला त्यांचा तंबोरा अजून घरांत आहे. सारी हकीकत ऐकून घेऊन त्या नातवास म्हणाल्या, “अरे, तंबोरा बोलेनासा झाला तर आम्ही आधीं तार जुनी झाली आहे का तें पाहतों. मग घोडीवरचा दोरा सरकवून पाहतों. एवढ्यानेंही तो बोलला नाहीं, तरच मिरजेला जवारी काढायला पाठवतों. कारण दोरा मागें घेतां येतो, पण कानसीनें घोडी एकदां घासली कीं घासली. तूं तर पहिल्याच दिवशीं मिरज गांठलीस!” मुलगा हंसला, आणि दुसऱ्या दिवशीं आम्हीं जुना पिकअप पुन्हां जागेवर बसवून, आजीनें सांगितलेल्या क्रमानें, पहिल्यापासून तपासणी सुरू केली.

प्रथम तारा पाहिल्या. त्या आठ महिन्यांच्या जुन्या व गंजलेल्या होत्या. नव्या तारा लावतांच आवाजास निम्मा उजाळा आला.

दुसरी गोष्ट पिकअपच्या उंचीची. पिकअपच्या दोन्ही टोकांस स्क्रू असतात. ते फिरविले कीं पिकअप वर किंवा खालीं होतो. याला एक पैसाही पडत नाहीं. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरावी, आणि तारेच्या खालच्या बाजूपासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचें अंतर मोजावें. एका वेढ्याच्या पिकअपसाठीं जाड तारेकडे सुमारें 2.4 मिलिमीटर व बारीक तारेकडे सुमारें 2 मिलिमीटर हें प्रारंभास योग्य माप समजतात. आमच्या गिटारीचा घोडीजवळचा पिकअप 5 मिलिमीटर खालीं बसला होता! तो वर घेतांच पातळपणाची तक्रार बहुतेक संपली. मात्र तो फार वरही घेऊं नये. चुंबक तारेस ओढूं लागला कीं विशेषतः जाड तारांवर एका स्वराऐवजीं दोन बेसूर स्वर ऐकूं येतात, व गिटार सुरांत लागत नाहीं असा भ्रम होतो.

तिसरी गोष्ट गिटारीच्या बाहेरची. जोडणीची केबल, ध्वनिवर्धकाच्या कळा व गिटार ठेवण्याची जागा हीं सर्व तपासावींत. आमचा ध्वनिवर्धक इन्व्हर्टरला लागूनच ठेवलेला होता. तो खोलीच्या दुसऱ्या टोकास नेला, आणि वाजवितांना गिटारीचें तोंड थोडें वळविलें, तों घूं घूं पुष्कळच कमी झाली. येथें एक धोक्याची सूचना देणें माझें कर्तव्य आहे. तारांस हात लावतांना विजेचा थोडाही झटका जाणवला, तर वादन त्याच क्षणीं थांबवावें, व घरांतील अर्थिंगची जोडणी जाणत्याकडून तपासून घ्यावी. तीन पिनांच्या ठिकाणीं दोन पिनांचा प्लग कदापि वापरूं नये. गिटारींतील प्रवाह अगदीं क्षुद्र असतो. परंतु काचेच्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांत शेकडों व्होल्टांचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कांहीं काळ आंत राहतो. तो मुलांनीं मुळींच उघडूं नये.

इतकें सर्व करूनही एक उणीव शिल्लक राहिली. संमेलनाच्या रंगमंचावर दिव्यांची व तारांची इतकी गर्दी असे, कीं तेथें एका वेढ्याची घूं घूं टाळतां येईना. तेव्हां मीं पुतण्यास एक अट घातली, कीं आपणांस काय हवें आहे तें एका वाक्यांत लिहून दाखवावें, मगच नव्या पिकअपचा विचार करूं. तीन वेळां खोडून त्यानें लिहिलें : ‘घोडीजवळ घूं घूं नको, आवाज थोडा भरदार हवा, पण हलका आघात हलकाच ऐकूं आला पाहिजे.’ हें वाक्य हातीं येतांच निवड सोपी झाली. घूं घूं नको म्हणून दोन वेढे. हलका आघात जपावयाचा म्हणून मध्यम जोर. चुंबकांतही असाच विवेक करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रणाच्या अल्निको चुंबकांपैकीं दुसऱ्या क्रमांकाचा सौम्य व पांचव्याचा अधिक बळकट असतो. सिरॅमिक चुंबक बहुधा जोरकस पिकअपांत घालतात. नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारे पिकअपही मिळतात. ते फार शांत असतात, परंतु त्यांसाठीं बॅटरीस जागा लागते व आंतील कळाही बदलाव्या लागतात. साध्या गिटारीच्या धन्यानें तिकडे वळण्याची घाई करूं नये. खरेदीपूर्वीं जागेचें मापही घ्यावें. पूर्ण आकाराचा हंबकर एका वेढ्याच्या खांचेंत मावत नाहीं, आणि त्यासाठीं लांकूड कोरणें म्हणजे आमच्या मातुःश्रींच्या भाषेंत घोडी घासणेंच होय.

प्रत्यक्ष बदलण्याचें काम धीरानें केल्यास कठीण नाहीं. आधीं तारा उतरवाव्या, झांकण उघडावें, व कोणती तार कोठें जोडली आहे याचें छायाचित्र घ्यावें. चार तारांच्या पिकअपमध्यें तारांच्या रंगांचा अर्थ प्रत्येक कारखानदाराचा निराळा असतो. म्हणून बरोबर आलेला कागद वाचल्यावांचून एकही तार जोडूं नये. डाख देण्यास, म्हणजे सोल्डरिंगला, राळ भरलेली सोल्डरची तार घ्यावी. पाण्याच्या नळांसाठीं वापरतात तें आम्लयुक्त द्रव्य घेऊं नये, कारण तें पुढें धातू खाऊन टाकतें. इस्त्री चांगली तापवून, सांध्यास थोडाच वेळ टेंकवून उचलावी. पिकअपच्या वेढ्याच्या उघड्या तारेस स्क्रूड्रायव्हरचें टोंक लागूं देऊं नये. ती तुटली तर पिकअप मुका होतो, आणि पुन्हां वेढे देण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. एका वेढ्याच्या पिकअपांबरोबर 250 हजार ओहमांचा व हंबकरबरोबर 500 हजार ओहमांचा आवाजाचा पॉट घालण्याचा प्रघात आहे. मोठ्या आंकड्यानें उंच स्वर अधिक मोकळे राहतात. तारा चढविण्यापूर्वीं ध्वनिवर्धक हळू आवाजांत लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरनें अलगद टिचकी मारावी. ज्याची कळ लावली असेल त्याचाच ‘टक्’ ऐकूं आला पाहिजे. तारा चढविल्यावर दोन पिकअप एकत्र लावून ऐकावें. आवाज पोकळ आला, तर माझ्यासारखीच चूक झाली असें समजून कागदाप्रमाणें नव्या पिकअपच्या तारांची अदलाबदल करावी.

काढलेला मूळ पिकअप मात्र टाकून देऊं नये. त्यावर दिनांक लिहून, स्क्रूसह डबींत ठेवावा. जुन्या गिटारींची किंमत मूळ भागांवर पुष्कळ अवलंबून असते. आणि किंमतीची गोष्ट सोडली तरी, नव्याचा कंटाळा आल्यास परतीची वाट मोकळी राहते.

तो सोळा हजार ओहमांचा पिकअप शेवटीं पुतण्याच्या एका वर्गमित्रानें अर्ध्या किंमतीस घेतला. त्याला गर्जणारें संगीतच आवडतें, आणि त्याच्या हातीं तो पिकअप फार उत्तम बोलतो. म्हणजे वस्तु वाईट नव्हती. ती आमच्या घरीं आली एवढेंच चुकलें होतें. पुतण्या आतां नव्या, मध्यम जोराच्या पिकअपवर रोज संध्याकाळीं वाजवितो, आणि त्यापूर्वीं आजीचा तंबोराही लावून देतो. दादा अजून त्यास चोचलेच म्हणतात, पण परवां त्यानें वाजविणें मधेंच थांबविलें, तेव्हां “कां रे, थांबलास कां?” असें त्यांनींच आंतल्या खोलींतून विचारलें.